खोट्या माशीचे दुकान

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. चिटणीसबाईंच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



"अमेरिकेत काय पाहिलेत ते चार शब्द सांगा," असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी तीनदा नाही म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. हळदीकुंकवाला उखाणा घ्यायचा झाला तरी मी तो दोन दिवस आधी पाठ करते. शिवाय अमेरिकेला जाऊन आलेल्या आता आपल्यात पाच-सहाजणी आहेत. कोणी नायगरा पाहिला, कोणी ती मशाल धरलेली बाई पाहिली, आणि त्यांनी ते आपल्याला छान सांगितलेही आहे. मी यांतले काहीच पाहिले नाही. सहा महिने बहिणीच्या स्वयंपाकघरात होते. एक दुकान मात्र पाहिले, त्याविषयी सांगते. दुकान साड्यांचे नव्हे, दागिन्यांचे नव्हे, भांड्यांचेही नव्हे. मासे गरवायच्या सामानाचे. पाहा, हसलात ना! मीही हसलेच होते.

माझी धाकटी बहीण मिशिगन राज्यात डेट्रॉइट शहराजवळ राहते. आमचे भावोजी मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर आहेत. 2023 च्या ऑक्टोबरात तिचे ऑपरेशन झाले. घरात आम्ही "छातीचे ऑपरेशन" म्हणत होतो, आणि शेजारणींना तर "पोटाचे" म्हणूनच सांगितले होते. आज नीट नाव घेते. तिला स्तनाचा कर्करोग झाला होता, उजव्या बाजूचा. गाठ तिच्या हाताला मे महिन्यातच लागली होती. पाच महिने तिने कोणाला सांगितले नाही. नवऱ्याला नाही, मला नाही. कॉलेज शिकलेली, अठरा वर्षे तिकडे राहिलेली बाई. दर रविवारी मी फोनवर तिचे तोंड पाहत होते आणि "बारीक झालीस ग" म्हणत होते, तेव्हा ती गाठ तिथे होतीच. मला याचा फार राग आला. तो राग घेऊनच मी 2024 च्या फेब्रुवारीत विमानात बसले.

तिथे गेल्यावर रागवायला जागा राहिली नाही. डोक्यावर केस नाहीत, जिभेला चव नाही. केमोची औषधे संपत आली होती, मग सहा आठवडे किरणांचा उपचार झाला. काखेतल्या लसग्रंथी काढल्यामुळे उजवा हात सुजायचा. त्यावर घट्ट विणलेली बाही दिवसभर घालायची. डब्यांच्या वरच्या फळीला हात पोचेना. व्यायाम शिकवणारी बाई यायची, ती भिंतीसमोर उभी करून बोटे मुंगीसारखी भिंतीवरून वर चालवायला सांगायची. ती असेपर्यंत बहीण करायची. तिची पाठ वळली की हात खाली. घरातला मोठा आरसा तिने चादर टाकून झाकला होता. सैल अंगरखा घालून दिवसभर खिडकीशी बसायची. मी साबुदाण्याची खिचडी केली, आंबोळ्या केल्या, घावन केले. ती म्हणे, "ताई, छान झालंय," आणि ताट तसेच ठेवी.

एप्रिलअखेर इस्पितळातल्या एका नर्सने तिला सांगितले की, स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांसाठी 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' नावाची एक संस्था तिकडे आहे. 1996 साली व्हरमाँट राज्यात एक शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई आणि एक मासे गरवणाऱ्या बाई अशा दोघींनी मिळून ती काढली. चौदा-चौदा बायकांना दोन-तीन दिवस नदीकाठी नेतात, पैसे घेत नाहीत, आणि त्यांना 'फ्लाय फिशिंग' शिकवतात. त्यात काठी हलवण्याची जी क्रिया आहे ती ऑपरेशन झालेल्या बाजूचे स्नायू हळूहळू सैल करते, असे त्यांचे म्हणणे. बहिणीने अर्ज केला. मागणी फार, म्हणून चिठ्ठ्या टाकून निवडतात; त्या वर्षी तिचा नंबर लागला नाही. तेव्हा नर्स म्हणाली, "मग थांबता कशाला? नदीकाठच्या एखाद्या दुकानात जा. ते लोक सामान दाखवतील, शिकवतीलही." डॉक्टरांनीही बेताने करायला हरकत नाही म्हणून सांगितले.

हरकत माझी होती. अंगात रक्त नाही अशा बाईने नदीत जाऊन उभे राहायचे? आपण महाडकडची माणसे. 2021 च्या जुलैत सावित्रीने आपल्या घरांत काय केले ते कोणी विसरलेले नाही. माझ्या देवघरातला चिखल मी चार दिवस उपसत होते. नदी म्हटली की माझ्या पोटात अजून गोळा येतो. आणि दुसरे म्हणजे, मासे गरवणे हे काही मला नवे नाही. आमचे वडील ज्येष्ठात पहिला पाऊस पडला की बांबूची काठी, गरी आणि नारळाच्या करवंटीत गांडुळे घेऊन जायचे. वलगणीचे मासे आणले की आई चूल पेटवायची. ते पोटासाठी होते. इकडे म्हणे मासा पकडायचा आणि परत सोडून द्यायचा! मग पकडायचाच कशाला? भरल्या पोटाचे खेळ आहेत, असे मी तोंडावर बोलले. बहीण काही बोलली नाही. पण पुष्कळ दिवसांनी तिने आपण होऊन एक गोष्ट करायची ठरवली होती, एवढे माझ्या ध्यानात आले. मी डबा भरायला घेतला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात भावोजी, बहीण, भाची आणि मी ग्रेलिंग नावाच्या गावाला गेलो. मोटारीने उत्तरेकडे तीन तासांची वाट, दोन्ही बाजूंना झाडी. गावाजवळून ओ-साबल नावाची नदी वाहते. नाव फ्रेंच आहे, वाळूची नदी असा अर्थ. पाणी जमिनीतल्या झऱ्यांचे, म्हणून भर उन्हाळ्यातही गार आणि तळ दिसेल असे स्वच्छ. गावाचे नाव ज्या ग्रेलिंग माशावरून पडले तो मासा मात्र आता त्या नदीत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथली पाइनची मोठमोठी झाडे तोडून ओंडके नदीतून सोडीत. त्या ओंडक्यांनी तळ खरवडला, अंडी घालायची जागा गेली, शिवाय लोकांनी मासे पेट्या भरभरून नेले. 1930 च्या सुमारास मिशिगनमधून तो मासा संपला. 2016 पासून तो परत आणण्याची खटपट सरकार आणि तिथले मूळ आदिवासी लोक मिळून करीत आहेत. गावाच्या वेशीवर नाव वाचताना मला कसेसेच झाले. आंब्याच्या नावाचे गाव असावे आणि गावात आंबा नसावा, तसे.

दुकान लाकडी, बैठे, नदीला लागून. दारात एक म्हातारा कुत्रा झोपलेला. तो कोणासाठीच उठत नव्हता, ओलांडून आत जायचे. आत गेल्यावर मला वाटले आपण चुकून शिवणाच्या सामानाच्या दुकानात आलो. भिंतीला रंगीत दोऱ्यांची रिळे, कोंबड्याची पिसे कातड्यासकट टांगलेली, सशाचे केस, हरणाचे केस, आणि एका बरणीत चक्क मोरपिसे! मध्ये मोठ्या मेजावर लहान लहान शेकडो खण, जसे आपल्याकडे बांगडीवाल्याचे असतात, आणि प्रत्येक खणात किडे. मी दचकलेच. जवळ जाऊन पाहिले तर खोटे. बारीकशा गरीवर पिसे नि दोरा गुंडाळून केलेली माशी, डास, टोळ, अळी. फ्लाय म्हणजे माशी. माशी खोटी, मासा खरा. पाण्यावर तरंगते ती कोरडी माशी, तळाशी जाते ती अळी. आणि लहान माशासारखी दिसणारी तिसरी एक जात असते. एक राखी रंगाची माशी दाखवून भाचीने सांगितले की, हिचे नाव ॲडम्स. ही 1922 साली याच राज्यात एका माणसाने पहिल्यांदा बांधली आणि आता जगभर चालते.

दुकानात त्या दिवशी गर्दी होती. त्या सुमारास तिथे हेक्स नावाचा एक मोठा पिवळसर किडा रात्री नदीतून उडतो. दोन वर्षे हा तळाच्या गाळात अळी होऊन राहतो आणि पंख फुटल्यावर एक-दोन दिवस जगतो. त्या दिवसांत त्याला खायला तोंडसुद्धा नसते. आपल्याकडे पहिल्या पावसात वाळवीला पंख फुटून दिव्याभोवती खच पडतो तसाच प्रकार. त्या किड्यांसाठी मोठे मासे वर येतात आणि माशांसाठी लांबलांबची माणसे येतात.

दुकान चालवणाऱ्या बाई साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, हातावर सुरकुत्या. माझे इंग्रजी यस-नो पुरते; मधे भाची सांगत होती. बाईंनी पहिला प्रश्न काय विचारला? किती पैसे खर्च करणार, हा नव्हे. कोणता हात, हा. बहिणीच्या बाहीकडे त्यांनी एकदा पाहिले आणि विचारले, "ऑपरेशन या बाजूला झाले का? आणि लिहिता कोणत्या हाताने?" दोन्हींचे उत्तर उजवा. त्या म्हणाल्या, "मग आज डावा. दोर सोडायला-ओढायला उजवा. काही आठवड्यांनी तुमच्या व्यायामाच्या बाई हो म्हणाल्या की उजव्याने थोडे थोडे." आणि सुजलेल्या हाताला गरी टोचता कामा नये म्हणून प्रत्येक गरीचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा, हेही बजावले. तसा काटा दाबला की माशालाही कमी लागते आणि गरी चटकन निघते.

मग काठी. मी उचलून पाहिली तर नऊ फुटांची काठी शंभर ग्रॅमसुद्धा भरणार नाही! मला वाटले होते की जी माशी दूर फेकायची तिला वजन असेल. वडील गरीला शिशाचा तुकडा बांधायचे, तो भिरकावला की मागून दोरी जायची. इथे सगळे उलटे. माशीला वजन नाहीच, वजन दोरात. काठीवर 5 आकडा लिहिला होता. मला वाटले किंमत. तो दोराचा नंबर निघाला. त्या नंबराच्या दोराची पहिली तीस फूट लांबी साधारण नऊ ग्रॅम भरते, म्हणजे पाऊण तोळा. तेवढ्या वजनावर दोर हवेत मागे जातो, पुढे येतो आणि टोकाची माशी अलगद पाण्यावर टेकते. दोराच्या पुढे आणखी एक पारदर्शक बारीक तार असते, ती शेवटी केसासारखी. ती माशीला बांधताना गाठ ओढण्याआधी तोंडात धरून ओली करायची, नाहीतर घर्षणाने तार कच्ची होते. बाईंनी तशी केली आणि माझ्या हातात दिली. एरवी मी कोणाचे उष्टे शिवत नाही. त्या दिवशी शिवले.

दरांचे काय सांगू! काठी, रीळ, दोर मिळून नुसते शिकाऊ सामान दोनशे डॉलर. तेव्हाच्या भावाने सोळा हजार रुपयांच्या वर. माझा चेहरा पाहून बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आज काही घेऊ नका. भाड्याने न्या. नदी आवडली तर मग पाहू." मैत्रिणींनो, गिऱ्हाइकाला घेऊ नका म्हणणारा दुकानदार मी आयुष्यात दुसऱ्यांदाच पाहिला. पहिला आमच्या गावचा वैद्य. परवाना मात्र घ्यावाच लागतो, सतरा वर्षांवरच्या प्रत्येकाला. एका दिवसाचा दहा डॉलरच्या आसपास पडला. त्या पैशातून नदीची आणि माशांची निगा राखतात, असे कळले.

आता सांगायचे ते अवघड आहे. पाण्यात उभे राहायला मेणकापडाची एक विजार असते, पायमोजे तिलाच जोडलेले. ती छातीपर्यंत येते आणि खांद्यावर पट्टे. ती मापाला घालून पाहायला बहीण पडद्याआड गेली आणि बाहेर येईना. मी आत डोकावले. पट्टा उजव्या खांद्यावर चढेना, आणि विजार छातीवर जिथे बसायची तिथे एका बाजूला भरली होती आणि एका बाजूला सपाट. आत एक आरसा होता. आठ महिन्यांत घरी ज्या आरशाकडे तिने पाहिले नाही तो इथे समोर आला. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. मला काही सुचेना. मी "चल, घरी जाऊ" म्हणाले. खरे सांगते, मला तेच हवे होते.

तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी काही विचारले नाही, समजूतही घातली नाही. आरशावर तिथलाच एक कोट अडकवला, विजार खाली उतरवून घेतली आणि मागच्या खणातून दुसरी आणली, कंबरेपर्यंतचीच. वर कातडी पट्टा. "हा पट्टा घट्ट आवळायचा," त्या म्हणाल्या, "पाय घसरला तर आत पाणी शिरत नाही. ओढ्यात गुडघ्यापेक्षा खोल जायचे नाही, म्हणजे हीच पुरते." जणू मापाचाच प्रश्न होता! मग एका फळीवरून सर्वांत मोठ्या मापाचा पुरुषी सदरा काढून दिला, पुढे चार मोठे खिसे असलेला. बहिणीने तो घातला, खिशात डब्या-चिमटे कोंबले, आणि कुठे काय आहे नि नाही ते कोणाला दिसेना. ती नाक पुसून बाहेर आली.

शिकवणी दुकानामागच्या हिरवळीवर झाली. गरीऐवजी टोकाला लोकरीचा तुकडा. काठी पुढे घड्याळातल्या दहाच्या जागी आणि मागे दोनच्या. त्यापलीकडे न्यायची नाही. कोपर अंगाशी. पूर्वीच्या काळी इंग्लंडात शिकवताना काखेत पुस्तक धरायला लावीत आणि ते पडता कामा नये असा दंडक असे. सगळ्यांत अवघड काय, तर मागे गेल्यावर थांबणे. दोर मागे पुरता उलगडेपर्यंत वाट पाहायची. घाई केली तर चाबकासारखा कड् आवाज होऊन माशी तुटते. भावोजींनी पहिल्या पाच मिनिटांत तीन लोकरी तोडल्या. बहिणीचा मात्र डावा हात, नवखा, म्हणून असेल, तिला घाई करताच येईना, आणि दोर सुरेख जाऊ लागला. मला सुपाची आठवण झाली. सूप जोराने पाखडले तर तांदूळ सांडतात. मनगटाला ठेका हवा. मी तसे म्हणाले. भाचीने ते बाईंना सांगितले, आणि सूप म्हणजे काय हे कळायला त्यांनी माझ्याकडून हवेत पाखडून घेतले! मग दुसरा एक सोपा प्रकार शिकवला. दोर मागे फेकायचाच नाही. काठी सावकाश वर न्यायची, दोर खांद्यामागे लोंबला की पुढे एक झटका. ज्यांचा हात वर जात नाही त्यांना हा बरा, असे त्या म्हणाल्या.

दुपारी आम्ही डबा काढला. बाईंनी पोळी आणि बटाट्याची भाजी मागून खाल्ली. खाता खाता त्यांनी सांगितलेल्या गोष्टी मी भाचीकडून वहीत लिहून घेतल्या. मी समजत होते हा पुरुषांचा उद्योग. पण माश्या बांधायचे काम पूर्वीपासून बायकांच्या बोटांचे. मेरी ऑर्व्हिस मार्बरी नावाच्या बाईंनी 1892 साली माश्यांच्या जाती आणि त्यांच्या हकिकती यांचा मोठा ग्रंथ छापला. मेन राज्यातल्या कॅरी स्टीव्हन्स बायकांच्या टोप्या शिवायच्या. 1924 साली त्यांनी स्वतः बांधलेल्या माशीवर सहा पौंड तेरा औंसांचा मासा पकडला आणि नाव झाले. स्कॉटलंडात मेगन बॉइड म्हणून होत्या. 2001 साली वारल्या. त्यांनी बांधलेल्या माश्यांना राजघराण्यातूनही मागणी. 1971 साली त्यांना पदक जाहीर झाले, तर कुत्र्याला सांभाळायला कोणी नाही म्हणून त्या ते घ्यायला लंडनला गेल्याच नाहीत. आणि गंमत अशी की त्यांनी स्वतः मासा कधी मारला नाही. ही बाई मला फार आवडली. बाईंनी मग मला लहानशा शेगड्यात—म्हणजे शेगडा नव्हे, त्या पकडीला काय म्हणतात कोण जाणे—गरी अडकवून दिली आणि बांधून पाहा म्हणाल्या. आपण फुलवाती वळणाऱ्या बायका. मला काय कठीण! पहिली बिघडली. दुसरी त्यांनी उजेडात धरून पाहिली आणि खणात न टाकता माझ्या हातात ठेवली.

संध्याकाळी नदीवर गेलो. तिथे जूनमध्ये रात्री साडेनऊला सूर्य मावळतो. नदीचा काही मैलांचा एक पट्टा असा आहे की तिथे फक्त खोटी माशीच वापरायची आणि प्रत्येक मासा सोडून द्यायचा. लोक त्याला पवित्र पाणी म्हणतात. याच नदीकाठी 1959 साली ट्राउट माशांच्या नद्या राखण्यासाठी लोकांनी ट्राउट अनलिमिटेड ही संस्था काढली. मला आपले वाळणकोंड आठवले. काळ नदीच्या त्या डोहातले वरदायिनीचे मासे आपल्याकडे कोणी धरीत नाही, चुरमुरे टाकले की अंगठ्याला येऊन लागतात. पण आपण मुळी गरी टाकीतच नाही. हे टाकतात आणि सोडतात. बाईंना मी तेही विचारले होते. त्या म्हणाल्या, ज्यांना या माशांची ओढ आहे तेच नदीसाठी भांडतात. मला ते अर्धेच पटले. अजूनही अर्धेच पटलेले आहे.

बहीण पाण्यात उतरली. मी काठावर, साडीचा पदर खोचून, भावोजी तिच्या बाजूला उभे. पाणी तिच्या गुडघ्याला लागले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे 2021 चे पाणी आले आणि मी मोठ्याने "पुरे, पुरे" म्हणाले. तिने मागे पाहिले आणि हसली. ऑक्टोबरनंतर तिला हसताना मी प्रथम पाहिले. तासभर काही लागले नाही. मग एकदम काठी वाकली. वीतभर ट्राउट होता, पिवळसर, अंगावर तांबडे ठिपके. या जातीचे मासे 1884 साली जर्मनीहून आणून या राज्यात सोडले म्हणे; तेही परदेशी, बहिणीसारखेच तिथे रुजलेले. माशाला हात लावण्याआधी हात ओले करायचे असतात, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून त्याला रोग होतो. तिने वाकून दोन्ही हात पाण्यात बुडवले, उजवाही. गरी निघाली. मासा क्षणभर तिच्या ओंजळीत थांबला आणि गेला.

ती काठावर येऊन माझ्याजवळ बसली. अंधार पडत होता. ती म्हणाली, "ताई, मला गाठ लागली तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं सांगू? हे दाखवायचं कसं, एवढंच." मग विचारले, "तू दाखवून आलीस का? सख्ख्या बहिणीला झालं की आपल्याला धोका जास्त असतो, डॉक्टरांनी तुला सांग म्हणून सांगितलंय."

आता माझी कबुली ऐका. 2024 च्या जानेवारीत आपल्या मंडळाने याच सभागृहात बायकांच्या तपासणीचे शिबिर ठेवले होते. अध्यक्षीणबाई घरोघर फिरल्या होत्या. मी "घरी पाहुणे आहेत" म्हणून निरोप पाठवला. पाहुणे कोणी नव्हते. बहीण तिकडे आजारी, मी पंधरा दिवसांनी तिच्याकडे जायला निघालेली, आणि मी घरात दार लावून बसले होते. तिच्यावर पाच महिन्यांचा राग धरणारी मी! ते मी त्या काठावर तिला सांगितले. तिने नुसता माझा हात धरला, तोच सुजरा हात पुढे करून.

ऑगस्टात परत आले. दिवाळीआधी ह्यांना घेऊन मुंबईला गेले आणि यंत्रावर तपासून आले. दुखते थोडे, पाच-दहा मिनिटांचे काम. तंत्रज्ञ बाईच होती. माझे सर्व ठीक निघाले. दरवर्षी जायला सांगितले आहे. अध्यक्षीणबाई, पाहुण्यांचे खोटे सांगितले त्याबद्दल आपली क्षमा मागते.

बहिणीने जुलैत त्याच दुकानातून काठी विकत घेतली. या वर्षी, 2025 मध्ये, त्या चौदा बायकांत तिच्या नावाची चिठ्ठी निघाली. उजवा हात आता वरच्या फळीला पोचतो, बाही मात्र घालावी लागते. मी बांधलेली माशी माझ्या शिवणाच्या डबीत बुचाच्या तुकड्याला टोचून ठेवली आहे; आज सोबत आणली आहे. चहाच्या वेळी दाखवीन. काटा दाबलेला आहे, तरी जपून हातात घ्या.